मोहगाववालीचं नाव

५ नोव्हेंबर, बुध.

पुण्याहून प्रकाशकांचा परत फोन. या खेपेला पक्कं झालं. माझं जुनं पुस्तक नव्यानं काढणार, रंगीत फोटोंसकट. बोलणारी मुलगी तिथली संपादक, नाव अनुजा. आवाज गोड, प्रश्न फार. "काकू, त्या काळात पांढुर्ण्यात राहून पाककृतींचं पुस्तक लिहायचं, म्हणजे धाडसच की!"

धाडस कसलं. तेव्हा पेपरातल्या महिलांच्या पानावर दर आठवड्याला आळूवडी नाहीतर उकडीचे मोदक. आमच्याकडे नारळ दिसायचा तो देवापुढे. एकदा डोकं फिरलं, आमची फुनके-कढी, म्हणजे तुरीच्या डाळीचे वाफवलेले गोळे आणि कढी, लिहून नागपूरला धाडली. छापली त्यांनी. मग धाडतच गेले. पुढे त्याचं पुस्तक झालं, आणि बाजारात लोक "विमलकाकू, आंबील फाटते, काय करू?" म्हणून अडवायला लागले. अजून अडवतात. मला आवडतं.

ह्यांना सांगितलं, तर पेपरातून डोकं वर न काढता, "मंग आता जेवाले फोटोच भेटन का?" जन्मभर मास्तरकी केली, वर्गातली पोरं हसायची. घरी कोणी हसत नाही. आज मी हसले.

शिरा केला. तुपाला हात सैल सोडला.

८ नोव्हें., शनि.

रश्मी शाळेतून आली की पुस्तक कम्प्युटरवर उतरवायला बसते. सूनबाई मास्तरीण असण्याचा फायदा. चुका मात्र मोठ्यानं वाचून दाखवते.

आज विचारते, "आई, 'लोधीखेडावालीची आंबील', 'मुलताईवालीचे सरगुंडे', 'मोहगाववालीचे फुनके'. हे पुस्तक बायांचं आहे का बसच्या थांब्यांचं?"

म्हटलं, तुला गल्लीत काय म्हणतात? सौंसरवाली म्हणतात. भाजीवालासुद्धा तेच म्हणतो. सून आली की तिचं माहेरचं गाव तिला चिकटतं, मग नावाचं काम पडत नाही. मी सावरगाववाली. जाम नदीचा पूल ओलांडला की माहेर, पण तेवढ्यानंही 'वाली' लागतेच.

पुस्तकातलं माझं स्वतःचं असं थोडंच आहे. कोणाकडे काही चांगलं खाल्लं की तिथेच चुलीपाशी बसायचं, हात कसा चालतो ते पाहायचं, घरी येऊन करायचं, बिघडलं की परत जायचं. आणि जिचं तिचं म्हणून लिहायचं. त्या वेळी कोणी असं लिहीत नव्हतं. माझी खरी फुशारकी असलीच तर ती एवढीच.

१० नोव्हें., सोम.

अनुजाची मेल, र.नं वाचून दाखवली. प्रत्येक बाईचं पूर्ण नाव हवं. "वाली म्हणजे कोण, ते वाचकांना कळत नाही. श्रेय नीट द्यायला हवं." ज्यांचं नाव मिळणार नाही त्यांच्या पदार्थाखाली 'पारंपरिक' छापायचं. मुदत रथसप्तमीपर्यंत.

माझं टाळकं सटकलं. पारंपरिक म्हणजे काय? परंपरा काय चुलीपुढे बसून धूर खात होती? फोनवर हेच म्हणणार होते, पण र. म्हणाली, "आई, मुलगी नावं द्यायलाच तर सांगते आहे. द्या ना मग."

बरोबर आहे तिचं. म्हणून आणखी राग आला.

१४ नोव्हें., शुक्र.

नावांना सुरुवात. आधी लोधीखेडावाली, जवळचीच. आता उठबस होत नाही, पण तोंड शाबूत. नाव विचारलं तर म्हणते, "काहून व? राशन कार्डातून काटून राहिले का मले?" पुस्तकात घालायचंय म्हटल्यावर पदर सारखा केला, जशी मी फोटोच काढणार होते. "सुमन लिही." मग हळूच, "माहेरी बेबी म्हणत."

बेबी! ऐंशीची बाई. दोघी इतक्या हसलो की तिची नात पाणी घेऊन आली.

आंबील पुन्हा तिच्या डोळ्यांसमोर केली. ज्वारीचं पीठ मी एक दिवस कमी आंबवते, हे तिचं जुनंच भांडण. पुस्तकात तिचं तेच ठेवलं आहे.

२३ नोव्हें., रवि.

बाकी सगळ्यांची मिळाली. कोणाची लेकीनं सांगितली, कोणाची नवऱ्यानं (त्यातला एक बराच वेळ आठवत बसला होता). राहिली मोहगाववाली.

आणि तीच राहावी! नवी नवरी म्हणून आले तेव्हा भिंतीला भिंत तिचं घर. मला कणीक भिजवण्यापलीकडे काही येत नव्हतं. सासूबाई कडक. धुणं वाळत घालायच्या मिषानं मी मागच्या दारानं तिच्याकडे जायचे. पातेल्यात पाणी, त्यात पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाच्या, काड्यांची आडवीतिडवी जाळी, वर पळसाचं पान, पानावर भरड वाटलेल्या तुरीच्या डाळीचे फुनके. कपाशी निघाली की ती शेतातून पराटीच्या काड्या निवडून आणायची, बारीक आणि सरळ. झाकण कधी काढायचं ते वासावर. पहिला फुनका मोडून त्यावर कच्चं तेल सोडायची आणि मला म्हणायची, "खाय. सासू इचारन तं सांग, धुनं वाळत घालत होती."

मी तिला काकी म्हणायचे. गल्ली मोहगाववाली म्हणायची. नवरा "ऐकलं का" म्हणायचा. पोरं माय. तिला जाऊनही किती वर्षं झाली. घर विकलं, तिथे आता कापडाचं दुकान आहे.

ह्यांना विचारलं. तिचा मोठा मुलगा ह्यांच्याच वर्गात होता. "शाळेत बापाचं नाव लिहीत होतो. मायचं कोण इचारे?" नंतर जरा वेळानं, "इचाराले पायजे होतं."

२८ नोव्हें., शुक्र.

नागपूरहून फोटोवाला आला. चांगला माणूस, दिवसभर उपाशी राबला. पण झुणक्यावर पुदिन्याचं पान ठेवतो! म्हटलं, बाबा, ते काढ. तर म्हणे, "रंग उठून दिसतो." हिरव्या मिरचीचा खर्डा ठेवला शेजारी, घे तुझा रंग. नंतर तोच खर्डा भाकरीशी खाऊन घामाघूम झाला आणि डबा भरून घेऊन गेला.

फुनक्यांचा फोटो सुंदर आलाय. खाली नावाची जागा रिकामी.

३ डिसें., बुध.

मोहगाववालीचा नातू सौंसरला आहे, नितीन. मोबाइलचं दुकान. र.च्या भावाच्या ओळखीनं नंबर मिळाला. "आजीचं नाव? बुढीच म्हणत होते जी सारे." मग त्यानं नागपूरला बापाला फोन लावला, म्हणजे ह्यांच्या त्या विद्यार्थ्याला. बाप म्हणाला, अनुसया.

"पक्कं?"

"पक्कं म्हणजे... अनुसया नाहीतर आनंदी. पाहून सांगतो."

पोटच्या पोराला माहीत नाही! पण मी तरी काय मोठी, सात वर्षं तिच्या हातचं खाल्लं. र. म्हणाली, रविवारी मोहगावला जाऊ, तिथे कोणीतरी असेल. आमच्या बागेत संत्र्याची तोड चालू आहे, मुलाला गाडी तिकडे लागते, तिचं नाव काढायची सोय नाही. सौंसरपर्यंत बस, पुढे तिच्या भावाची गाडी.

७ डिसें., रवि.

मोहगाव. आत्ताच आलो, पाय दुखतात, पण लिहून ठेवते.

सकाळी उठून फुनके केले, डबा बरोबर घेतला. रिकाम्या हातानं काय विचारायचं? दोन घरं चुकलो, तिसऱ्या घरी तिचा धाकटा भाऊ भेटला. नाना. डोळ्यांना कमी दिसतं, कान मात्र तिखट. ओट्यावर उन्हात बसले होते. म्हटलं, तुमची पांढुर्ण्याला दिलेली बहीण...

"चिंधी?"

काही क्षण मला उमगेचना की हेच ते. तिच्याआधीच्या दोघी जगल्या नाहीत म्हणून हिला चिंधी, देवानं ढुंकून पाहू नये म्हणून. नाना सांगत होते आणि आपल्याच आठवणीनं हसत होते. कैऱ्या पाडण्यात अख्ख्या मोहगावात तिच्यापुढे कोणी नाही. रडायची नाही. चिडली की बोलणं बंद.

"मग अनुसया कोण?"

"ते सासरचं. लग्नात ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं आंगठीनं लिवलं अनुसया. मी तठीच बसलो होतो. मंग तांदूळ शिजवून खाल्ले, नाव गेलं. दुसऱ्या दिवसापासून मोहगाववाली."

र. तोंडात पदर... पदर कुठला, ओढणी कोंबून बसली होती. हसते का रडते कळेना. माझंही तसंच.

डबा उघडला. नानांनी फुनका मोडला, तेल मागितलं, खाल्ला. मग म्हणाले, "मीठ कमी हाय." मला वाटलं गेलं सगळं. तर पुढे, "चिंधी बी कमीच टाके. माय वरडे तिच्यावर."

इतकं बरं वाटलं की आणखी दोन वाढले.

९ डिसें., मंगळ.

आता नवी अडचण. तीन नावं झाली. कोणतं छापायचं?

नितीनचा सौंसरहून फोन: "काकू, चिंधी नका टाकू जी. बरं नाही वाटत. आमच्याकडे सोयरिकीचं चालू आहे." अनुसयाच टाका म्हणतो. हे म्हणतात, सरकारी कागदावर असेल तेच खरं. पण कागद कुठे आहे? र. म्हणते चिंधीच, कारण ते नाव तिला घरच्यांनी मायेनं ठेवलेलं.

मी दिवसभर एकच विचार करते. ती पाठमोरी बसलेली असती आणि मी मागच्या दारातून हाक मारली असती, तर कोणत्या नावाला वळली असती? अनुसयाला नक्कीच नाही. चिंधीला दचकली असती. मोहगाववाली म्हटलं की वळली असती, हातातलं झाकण तसंच धरून.

पण तेही तिचं नाव नव्हे. ते तिच्या गावाचं.

भाजीत मीठ दोनदा पडलं. ह्यांनी खाल्ली, आणि बोलले नाहीत. शहाणा माणूस.

२० डिसें., शनि.

ठरवलं. वर मोठ्या अक्षरात आहे तेच: मोहगाववालीचे फुनके. खाली बारीक: माहेरची चिंधी, सासरची अनुसया. तिन्ही तिचीच, मी कोण वगळणारी?

नितीनला मीच फोन केला. कुरकुर केली. "अनुसया आधी टाका मंग." म्हटलं, बाबा, माहेर आधी येतं, हे मी नाही ठरवलं. शेवटी म्हणाला, "बरं. दोन कॉप्या मले पाठवा." सोयरीक जुळली आहे म्हणे. मुलीकडच्यांना दाखवायला हवं असेल.

तुरीच्या ओल्या शेंगा आल्या बाजारात. सोले भाजून वांग्यात घातले, लसूण ठेचून. हे दोनदा भाकरी मागून घेतात म्हणजे जमलं.

४ जाने., रवि.

अनुजा फोनवर ओरडलीच आनंदानं. एकट्या फुनक्यांना नको, सगळ्याच पदार्थांना असं करू म्हणते: माहेरची अमुक, सासरची तमुक. "काकू, असं कुठल्याच पुस्तकात नाही!" पारंपरिक शब्द पार गेला. फोन ठेवल्यावर ओट्यावरचे डबे उगाचच पुसून लख्ख केले.

म्हणजे आता सगळ्यांची माहेरची नावं गोळा करणं आलं. घरोघर हिंडण्यापेक्षा हळदीकुंकवालाच बोलावते.

१६ जाने., शुक्र.

हळदीकुंकू झालं. घर अजून वाजतंय.

सगळ्यांना बोलावलं होतं. कुंकू ज्यांना हवं त्यांना, तीळगूळ आणि वाण सगळ्यांना. र. वही घेऊन दारातच बसली. आत यायचं तर माहेरचं नाव सांगायचं. पहिल्या दोघी लाजल्या. तिसरी म्हणाली, "मी माहेरची छबू," आणि धरणच फुटलं. मुलताईवाली निघाली गंगू. मागल्या गल्लीतली जाडी मास्तरीण, जिला सगळे वचकून असतात, ती चिमणी! लोधीखेडावालीला खुर्चीत उचलून आणली होती, ती तिथून ओरडते, "चिमने, पानी आण व." आणि मास्तरीण गेली पाणी आणायला.

सुना चकित होऊन पाहत होत्या. काहींना सासूचं नाव आज कळलं. फराळाची आंबील संपली तरी कोणी उठेना. हे दोनदा दारापर्यंत येऊन परत गेले.

खूप दिवसांनी एवढं हसले. बरगड्या दुखतात.

१८ जाने., रवि.

अनुजाचा फोन. सगळं छपाईला जायच्या बेतात, एकच राहिलं, मुखपृष्ठ. "काकू, आत सगळ्यांची दोन्ही नावं, आणि वर तुमचं एकटं सासरचं? विमल ठेवू, की माहेरचं लिहू, की दोन्ही? तुम्ही म्हणाल तसं." मंगळवारी सांगा म्हणाली.

फोन स्पीकरवर होता. र. माझ्याकडे पाहायला लागली. "आई, तुमचं माहेरचं नाव काय? सगळ्यांचं लिहिलं, तुम्हांला विचारलंच नाही."

मी तोंड उघडणार तेवढ्यात पेपरामागून आवाज आला. "कौशल्या. घरी कौशी म्हणत."

पेपर खाली आला नाही.

मी थक्क. आई गेल्यावर त्या नावानं हाक मारणारं कोणी उरलं नाही, भाऊ ताई म्हणतात. लग्नाआधी ह्यांनी कुठे ऐकलं असेल, कधी ऐकलं असेल. आणि इतकी वर्षं जवळ ठेवलं. मला ते ऐकून रडू आलं, हे लिहून ठेवते. कोणाला दिसलं नाही.

दुपारी स्वयंपाकघरात आले. एरवी पाणी हवं असलं तरी बाहेरूनच मागतात. दाराला टेकून उभे. "तांदळात मीच लिवलं होतं. आत्यानं कानात सांगितलं, विमल लिही. मी अक्षर चांगलं काढलं." मग, "तुले आवडलं होतं का व ते नाव? इचाराचं राहूनच गेलं."

म्हटलं, "भाजी लागून राहिली, सरका."

सरकले. गेले नाहीत.

२० जाने., मंगळ.

अनुजाचा फोन येऊन गेला. म्हटलं, अजून दोन दिवस दे.

पुस्तक विमलनं लिहिलं, त्यात वाद नाही. पेपरात नाव विमलचं, बाजारात हाक विमलकाकूला, आणि मला ती आवडते. पण मागच्या दारानं मोहगाववालीच्या चुलीपुढे पहिल्यांदा जाऊन बसली ती कौशी होती. तिला तेव्हा कोणी विमल म्हटलं की दुसऱ्या कोणाला बोलावतात असं वाटायचं. दोघींतली कोणती वर घालायची? दोघींना घातलं तर कोणती आधी?

हे सकाळपासून चौथ्यांदा चहाचा कप ठेवायला आत आले. एरवी कप तिथेच खुर्चीखाली असतो. काही विचारत नाहीत. कप ठेवतात, थांबतात, जातात.

आधी त्यांना सांगीन, मग पुण्याला. ह्यांना विचारायला पन्नास वर्षं लागली, पुण्याला दोन दिवस थांबता येईल.